कात्रजचा बोगदा कुणाच्या ज्ञानाचा?

पुण्याहून साताऱ्याकडे जुन्या घाटरस्त्याने निघालो की कात्रज मागे पडते, वळणे सुरू होतात आणि माथ्यावर जुना बोगदा लागतो. नवा बोगदा झाल्यापासून बहुतेक वाहतूक तिकडून जाते. पण जुना बोगदा अजून शाबूत आहे. त्यातून जाणाऱ्या शंभर माणसांना विचारा, "हा बोगदा कुणी बांधला?" नव्व्याण्णव जण म्हणतील, "इंग्रजांनी."

इंग्रजांनी म्हणजे नेमके कुणी? हुकूम इंग्रजांचा होता हे खरे. पैसा इंग्रजांचा नव्हता, तो रयतेच्या शेतसाऱ्याचा होता. दगड फोडणारे हात इंग्रजांचे नव्हते. आणि ठेकेदारी? जोतीराव फुल्यांच्या चरित्रांत त्यांच्या कंपनीने केलेल्या कामांची यादी येते. त्या यादीत येरवड्याचा पूल आहे, खडकवासल्याच्या धरणाचे काम आहे आणि कात्रजचा बोगदाही आहे. कंपनीचे नाव पुणे कमर्शियल अँड कॉन्ट्रॅक्टिंग कंपनी.

जोतीराव शिक्षक होते हे सगळ्यांना माहीत आहे. ते 'समाजसुधारक' होते असे पाठ्यपुस्तक सांगते. पण ते बांधकामाचे ठेकेदार होते, ओतकामाच्या मुशी विकणारे व्यापारी होते, मांजरीला शेती करणारे बागायतदार होते, हे कितीजणांना शिकवले जाते? 1882 साली हंटर कमिशनपुढे निवेदन देताना जोतीरावांनी स्वतःची ओळख व्यापारी, शेतकरी आणि नगरपालिकेचे सभासद अशी करून दिली. महात्मा, क्रांतिसूर्य ही बिरुदे आपण लावली, आणि ती योग्यच आहेत. पण त्यांनी स्वतः दिलेली ओळख आपण का पुसली?

ही ओळख पुसली की एक प्रश्नही पुसला जातो. बहुजनांचे ज्ञान कुठून आले? ज्यांना हजारो वर्षे अक्षर नाकारले, त्यांच्याकडे 1873 नंतरच्या पंधरा-वीस वर्षांत शेती, कामगार, शिक्षण, विवाहविधी आणि दुष्काळ यांवर स्वतःचे मांडलेले विचार, स्वतःचे वृत्तपत्र आणि स्वतःच्या मागण्यांची निवेदने कशी तयार झाली? एका माणसाच्या प्रतिभेने, असे उत्तर दिले की चमत्काराची गोष्ट होते. चमत्कारावर सत्यशोधकांचा विश्वास नसतो. माझे म्हणणे असे की हे ज्ञान एकमेकांना धरून चालणाऱ्या संस्थांमध्ये तयार झाले. संस्था बंद पडल्या, माणसे गेली, तरी ज्ञान उरले. कारण ते एका संस्थेच्या कपाटात न राहता पुढच्या संस्थेच्या हातात गेले. आज आपण नेमके हेच करायचे विसरलो आहोत.

कात्रजचे पाणी

बोगद्याच्या आधी कात्रजच्या तळ्याकडे बघू. अठराव्या शतकाच्या मध्याला नानासाहेब पेशव्याच्या काळात कात्रजच्या ओढ्यावर बंधारे घालून पाणी अडवले गेले आणि दगड-चुन्याच्या भुयारी नळाने ते शनिवारवाड्यापर्यंत नेले गेले. काही ठिकाणी हा नळ माणूस आत उतरून चालू शकेल एवढा मोठा आहे. वाटेत हवेसाठी उच्छ्वास आहेत, पेठांमध्ये हौद आहेत. पंप नाही, इंजिन नाही. नुसत्या उतारावर पाणी इतक्या दूर आणायचे म्हणजे जमिनीची पातळी, चुन्याचे मिश्रण, गाळ बसवण्याची रीत हे सगळे माहीत असावे लागते. हे ज्ञान ज्यांच्या हातात होते ते गवंडी, पाथरवट, बेलदार, चुना मळणारे. त्यांची नावे कुणी लिहून ठेवली नाहीत. नाव राहिले पेशव्याचे.

आणि त्या पाण्याचे काय झाले? पेठांतल्या हौदांवर अस्पृश्यांना मज्जाव होता. पाणी वाहते होते, पण जातीच्या उंबऱ्यापाशी थांबत होते. 1868 साली जोतीरावांनी आपल्या घराचा हौद अस्पृश्यांना खुला केला, तेव्हा त्यांनी फक्त पाणी दिले नाही. ज्या शहरात कात्रजहून पाणी आणण्याचे शास्त्र शंभर वर्षांपूर्वी पोचले होते, त्या शहरात माणसाला पाणी द्यायची अक्कल पोचली नव्हती, हे त्यांनी सगळ्यांसमोर मांडले.

आपल्याकडे ज्ञानाचेही असेच होत आले. विद्या पुण्यात होती. पाठशाळा होत्या, दक्षिणा वाटली जात होती. पण ती विद्या वाड्यातल्या हौदात साठून राहिली. ज्याला पाण्याची गरज होती त्याला शिवायची बंदी, आणि ज्याच्या हाताने नळ बांधला गेला त्याचे ज्ञान 'ज्ञान' म्हणून मोजायचे नाही. पुरोहितशाहीची मक्तेदारी ती हीच.

ठेका, समाज आणि छापखाना

24 सप्टेंबर 1873 रोजी पुण्यात सत्यशोधक समाजाची स्थापना झाली. त्याच वर्षी 'गुलामगिरी' प्रसिद्ध झाली. समाजाच्या सुरुवातीच्या सभासदांची यादी पाहिली तर ती विद्वानांची यादी वाटत नाही. त्यात शेतकरी आहेत, माळी आहेत, व्यापारी आहेत, कारकून आहेत आणि ठेकेदार आहेत. मुंबईचे तेलुगू भाषक बांधकाम ठेकेदार या चळवळीचा मोठा आधार होते. रामय्या व्यंकय्या अय्यावारू, व्यंकू बाळोजी काळेवार, जाया कराडी लिंगू ही नावे सत्यशोधक इतिहासात पुन्हा पुन्हा भेटतात. तेलंगणातून येऊन मुंबईच्या इमारती उभ्या करणारी ही माणसे मराठी बहुजनांच्या चळवळीत पैसा, माणसे आणि अनुभव घेऊन उतरली. समाजाला छापखाना मिळाला तो मुंबईच्या अशाच सभासदांच्या देणगीतून.

इथे जाळे कसे जुळले ते बघा. ठेक्याच्या धंद्यातून पैसा आला. पण नुसता पैसा आला नाही. सार्वजनिक बांधकाम खात्याशी रोजचा व्यवहार करणाऱ्या माणसाला सरकारी कागद वाचता येऊ लागतो. मोजमाप कसे लिहितात, बिल कसे पास होते, हजेरीपटात खोटी नावे कशी भरतात, कारकून कुठे हात मारतो, साहेब सही करताना काय वाचतो आणि काय वाचत नाही, हे सगळे त्याला कळते. हे ज्ञान कुठल्याही शाळेत मिळत नव्हते. जोतीरावांनी इंजिनियर खात्यातल्या लबाडीवर पद्यरचना केली, ती ऐकीव माहितीवर केली नाही.

आणि हे ज्ञान कंपनीच्या वहीत थांबले नाही. समाजाने पुण्याच्या इंजिनियरिंग कॉलेजकडे गरीब मुलांसाठी खटपट केली आणि प्राचार्य कुक यांनी काही मुलांना फी माफ केली. म्हणजे ज्या खात्यात बहुजन फक्त दगड फोडायला होता, त्या खात्यात तो नकाशा काढायला बसावा, ही योजना होती. ठेकेदाराला खात्याचे कुलूप कुठे आहे ते माहीत होते. समाजाकडे किल्ली फिरवण्याची संघटना होती. दोन्ही वेगवेगळे असते तर कॉलेजचे दार उघडले नसते.

सत्यशोधकांनी मिळवलेली आणखी एक ज्ञानसंपत्ती म्हणजे लग्न लावण्याचा विधी. आज हे ऐकायला लहान वाटते. पण त्या काळी लग्न, वास्तू, बारसे, श्राद्ध, प्रत्येक ठिकाणी भटजीशिवाय पान हलत नव्हते. मंत्र ही एका जातीची खाजगी मालमत्ता होती. डिसेंबर 1873 मध्ये पहिला सत्यशोधक विवाह भटजीशिवाय झाला. पुढे मंगलाष्टके आणि पूजाविधी मराठीत छापून कुणालाही वापरता येतील असे केले गेले. म्हणजे मक्तेदारीतले ज्ञान काढून ते सार्वजनिक केले. ओतूरच्या सत्यशोधकांनी भटजीला न बोलावता लग्ने लावली तेव्हा गावच्या जोशांनी आपला हक्क बुडाला म्हणून दावा लावला आणि ते प्रकरण मुंबईच्या हायकोर्टापर्यंत गेले. दोन-चार रुपयांच्या दक्षिणेसाठी कुणी हायकोर्टात जात नाही. जोशांना कळले होते की गेली ती दक्षिणा नव्हे, गेली ती मक्तेदारी.

धनकवडीची छावणी

कात्रजच्या शेजारी धनकवडी. आज दोन्ही गावे शहरात मिसळून गेली आहेत. कुठे एक संपते आणि दुसरे सुरू होते ते बसमध्ये बसून कळत नाही. 1876-77 च्या भीषण दुष्काळात याच धनकवडीला सत्यशोधकांनी व्हिक्टोरिया बालाश्रम उघडला. गावोगाव अन्नावाचून फिरणाऱ्या मुलांना तिथे जेवण मिळत होते. 17 मे 1877 रोजी जोतीरावांनी मदतीचे आवाहन करणारे पत्रक काढले.

त्याच वर्षी 20 एप्रिलला सावित्रीबाईंनी जुन्नर भागातल्या ओतूरहून जोतीरावांना पत्र लिहिले. ते पत्र आज आपल्याकडे आहे. दुष्काळाची भीषणता, सावकारांचे वागणे, सत्यशोधक कार्यकर्त्यांनी चालवलेले मदतकार्य, अधिकाऱ्यांशी झालेले बोलणे, सगळे त्यात आहे. हे पत्र म्हणजे नवऱ्याला लिहिलेली खुशाली नाही. तो एका कार्यकर्तीने दुसऱ्याला दिलेला क्षेत्रीय अहवाल आहे. आजच्या भाषेत सांगायचे तर 'फील्ड रिपोर्ट'. जुन्नरहून अहवाल येतो, पुण्यात पत्रक निघते, धनकवडीला भाकरी भाजली जाते, मुंबईच्या सभासदांकडून पैसा येतो. गाव, शहर, छावणी, छापखाना यांच्यामध्ये माहिती फिरते आहे.

आणि याच 1877 सालच्या 1 जानेवारीला कृष्णराव भालेकरांनी पुण्यात 'दीनबंधु' सुरू केला होता. ब्राह्मणेतरांचे हे पहिले मोठे वृत्तपत्र. भालेकरांची आर्थिक ओढाताण झाली, पत्र चालेना. मग 1880 मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी ते मुंबईत नेले आणि नव्याने उभे केले. पुण्यातली संस्था थकली तेव्हा मुंबईतल्या संस्थेने खांदा दिला.

लोखंडे गिरणीत नोकरी केलेले. गिरणीतले तास, पगाराची तारीख, आजारपणातला खाडा त्यांना माहीत होता. 1884 च्या सप्टेंबरमध्ये त्यांनी मुंबईत कामगारांच्या सभा घेतल्या आणि पाच हजारांहून अधिक सह्यांचे निवेदन तयार केले. आठवड्याची सुटी, दुपारची विश्रांती, वेळेवर पगार, जखमी झाल्यास भरपाई या मागण्या त्यात होत्या. 1890 मध्ये रविवारची सुटी मिळाली. आज जे आयटी कंपनीत बसून शनिवार-रविवार साजरा करतात आणि 'आरक्षणवाल्यांना फुकट मिळते' असे लिहितात, त्यांनी आपली रविवारची सुटी कुणाकडून आली ते एकदा शोधावे.

भांडणातूनही ज्ञान पुढे गेले

आता कुणी म्हणेल, हे चित्र फार गोड झाले. सगळे सत्यशोधक एकदिलाने काम करत होते काय? नव्हते. आणि ते लपवायचे कारण नाही.

'शेतकऱ्याचा असूड' हा ग्रंथ जोतीरावांनी 1883 मध्ये पूर्ण केला. त्याची सुरुवातीची प्रकरणे 'दीनबंधु'त छापली गेली आणि पुढची छापायचे थांबले. भाषा फार जहाल झाली, सरकार रागावेल, अशी संपादकांना भीती वाटली. जोतीराव संतापले आणि त्यांनी तो राग ग्रंथातच नोंदवून ठेवला. म्हणजे चळवळीच्या स्वतःच्या पत्राने चळवळीच्या सर्वात मोठ्या माणसाचा सर्वात मोठा ग्रंथ अर्ध्यावर सोडला!

पण या ग्रंथात काय आहे ते पाहिले की जाळ्याची किंमत कळते. जोतीराव सांगतात की सरकारने पलटणीतल्या आणि पोलिसातल्या शिपायांकडून डोंगरउतारावर ताली-बंधारे घालून घ्यावेत, म्हणजे पावसाचे पाणी जमिनीत मुरेल. तळी-तलाव बांधावेत. नदी-नाल्यांतला गाळ शेतकऱ्यांना फुकट नेऊ द्यावा. पाणाड्यांकडून जमिनीतले पाणी शोधून गावच्या नकाशावर खुणा कराव्यात आणि विहीर खणणाऱ्याला बक्षीस द्यावे. शेळ्या-मेंढ्यांची पैदास सुधारावी. नांगरटीच्या परीक्षा घेऊन शेतकऱ्यांना बक्षिसे द्यावीत. हे सगळे 1883 साली. पाणलोट क्षेत्र विकास हा शब्द सरकारी कागदावर यायला त्यानंतर कितीतरी दशके गेली.

हे ज्ञान कोणत्या एका ठिकाणचे आहे? बंधाऱ्याचे गणित ठेकेदाराचे आहे. गाळाचे मोल बागायतदाराचे आहे. पाणाड्याचे ज्ञान गावचे आहे. कर्जाचा हिशेब दुष्काळात फिरलेल्या कार्यकर्त्याचा आहे. खात्यातल्या लुटीचा तपशील बिले काढून घेतलेल्या माणसाचा आहे. हे सगळे एका कागदावर आणणारी प्रतिभा जोतीरावांची, यात शंका नाही. पण धागे अनेक हातांतून आले होते.

आणि तो ग्रंथ वाचला कसा? संपादकाने सोडून दिल्यावरही हस्तलिखित टिकले. जवळजवळ ऐंशी-पंच्याऐंशी वर्षांनी, 1969 मध्ये, धनंजय कीर आणि स. गं. मालशे यांनी संपादित केलेले फुल्यांचे समग्र वाङ्मय राज्य शासनाच्या साहित्य संस्कृती मंडळाने काढले. मधल्या काळात कुणीतरी ते कागद जपले. कुणाच्या तरी माळ्यावर, कुणाच्या तरी पेटीत. ते कागद जपणाऱ्याचे नाव कुठल्याही पुतळ्याखाली नाही. पण त्याने उंदीर आणि वाळवी यांच्याशी केलेला सत्याग्रह काही लहान नव्हता.

अर्जाचा प्रवास

सत्यशोधकांचे जाळे अस्पृश्यांपर्यंत किती पोचले हा प्रश्न आंबेडकरी वाचकाच्या मनात येणारच. यायलाच हवा. पुढे ब्राह्मणेतर चळवळीतले पुष्कळ नेते सत्तेच्या वाटेला लागले, 1930 नंतर अनेकजण काँग्रेसमध्ये गेले, आणि गावकुसाबाहेरचा माणूस जिथे होता तिथेच राहिला. ही जखम खरी आहे. पण त्या जाळ्याचा एक धागा गावकुसाबाहेर गेला आणि तो तुटला नाही. तो धागा म्हणजे एक अर्ज.

गोपाळबाबा वलंगकर हे महाड तालुक्यातल्या रावढळचे, सैन्यातून निवृत्त झालेले. ते 'दीनबंधु'त लिहीत होते. सत्यशोधकांच्या वर्तुळात तयार झालेली त्यांची लेखणी त्यांनी अस्पृश्यतेवर चालवली आणि 'अनार्य दोषपरिहारक मंडळी' काढली. इंग्रजांनी महारांची सैन्यभरती बंद केली तेव्हा त्या अन्यायाविरुद्ध सरकारकडे मांडायचा अर्ज या मंडळीच्या नावाने तयार झाला. आमच्या पूर्वजांनी लढाया केल्या, आम्हाला आता भरती का नाही, हा त्याचा गाभा.

पुढे पुण्यात शिवराम जानबा कांबळे उभे राहिले. 1908 मध्ये त्यांनी 'सोमवंशीय मित्र' हे मासिक काढले. कात्रजच्या डोंगररांगेपलीकडच्या सासवडला त्यांनी त्याआधीच, 1903 मध्ये, पन्नासच्या वर गावांतल्या महारांची सभा भरवली होती. 1910 मध्ये त्यांनी सैन्यभरतीसाठी सरकारकडे पुन्हा अर्ज केला. वलंगकरांच्या पिढीने जे मांडले त्यात त्यांनी नवे पुरावे, नवी भाषा घातली. पहिल्या महायुद्धात भरती उघडली, युद्ध संपल्यावर पुन्हा बंद झाली. 1941 मध्ये महार रेजिमेंट उभी राहिली. ती मिळवण्यात बाबासाहेबांचा आग्रह होता, हे आपण जाणतो. पण त्या आग्रहामागे अर्धशतकाचे अर्ज होते. एकाने लिहायचे, दुसऱ्याने दुरुस्त करायचे, तिसऱ्याने वरच्या दरबारात मांडायचे.

हेच कांबळे भीमा कोरेगावच्या स्तंभाजवळ सभा घेत होते. 1 जानेवारी 1927 रोजी बाबासाहेब तिथे गेले. 1929 मध्ये पर्वतीच्या मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह झाला तो याच पुण्यात, याच कांबळ्यांच्या पुढाकाराने. इतिहासाच्या पुस्तकात हे वेगवेगळे प्रसंग म्हणून येतात. प्रत्यक्षात ती एकाच रस्त्याची वळणे आहेत.

बाबासाहेब आणि संस्थांचे शास्त्र

बाबासाहेबांनी हे शास्त्र सर्वात नीट ओळखले. 1920 मध्ये 'मूकनायक', त्याला राजर्षी शाहूंची मदत. 1924 मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा. 1925 मध्ये सोलापूरला वसतिगृह. 1927 मध्ये 'बहिष्कृत भारत' आणि समाज समता संघ. 1930 मध्ये 'जनता'. 1945 मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी, 1946 मध्ये सिद्धार्थ कॉलेज, 1950 मध्ये औरंगाबादला मिलिंद. ही नुसती कर्तबगारीची यादी नाही. एक संस्था माहिती गोळा करते, दुसरी ती छापते, तिसरी विद्यार्थी घडवते, चौथी त्या विद्यार्थ्याला वाचायला ग्रंथालय देते.

1928 च्या मे महिन्यात सायमन कमिशनपुढे बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीने जे निवेदन गेले ते पाहा. मुंबई इलाख्यात अस्पृश्यांच्या शिक्षणाचे काय झाले, याचा त्यात सनावळीसकट हिशेब आहे. 1856 साली धारवाडच्या महार मुलाला सरकारी शाळेत प्रवेश नाकारला गेला, ते प्रकरणही त्यात आहे. 1882 मध्ये जोतीरावांनी हंटर कमिशनपुढे विचारले होते की रयतेच्या पैशाने वरच्या वर्गांचीच मुले का शिकतात. 46 वर्षांनी दुसऱ्या कमिशनपुढे दुसऱ्या संस्थेने तोच प्रश्न आकड्यांसह उभा केला. 1946 मध्ये बाबासाहेबांनी 'शूद्र पूर्वी कोण होते?' हा ग्रंथ जोतीरावांना अर्पण केला तो काही उपचार नव्हता.

एक प्रसंग फारसा सांगितला जात नाही. 'देशाचे दुश्मन' या पुस्तकावरून दिनकरराव जवळकर, केशवराव जेधे आदींवर खटला झाला, शिक्षा झाली. 1926 मध्ये त्यांचे अपील पुण्यात लढवले ते बॅरिस्टर आंबेडकरांनी, आणि ते सुटले. त्यानंतर महाडच्या सत्याग्रहाला पाठिंबा देताना याच जेधे-जवळकरांनी अट घातली की ब्राह्मणांना त्यात घेऊ नये. बाबासाहेबांनी अट नाकारली. खटला लढवला तेव्हा पाठिंब्याचा करार लिहून घेतला नव्हता, आणि अट नाकारली म्हणून वैरही धरले नाही. सहकार्य म्हणजे एकमेकांत विरघळून जाणे नव्हे. आपापली भूमिका ठेवून जे ज्ञान दुसऱ्याला उपयोगी आहे ते देणे, म्हणजे सहकार्य.

आणि आज?

कात्रजचे नाव आज महाराष्ट्रात दुधाच्या पिशवीवर वाचले जाते. पुणे जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघाचे ते नाव. गावच्या संस्थेत दूध जमते, फॅट तपासले जाते, थंड केले जाते, मग कात्रजला येते. कुठल्या म्हशीचे दूध पिशवीत आले हे कुणाला सांगता येत नाही आणि विचारायची गरजही नसते. पण एका जरी गावच्या संस्थेने दूध आपल्याच कॅनमध्ये दोन दिवस ठेवून दिले तर ते नासते. ज्ञानाचेही तसेच आहे.

आपण काय करतो? आपल्याकडे संस्थांची कमी नाही. वस्तीत चार मंडळे, शहरात चाळीस संघटना, पक्षाचे गट किती ते मोजायला कोष्टक हवे. प्रत्येकाकडे काही ना काही आहे. कुणाकडे 'जनता'चे जुने अंक आहेत, कुणाकडे नामांतर लढ्याची पत्रके, कुणाकडे दलित पँथरची छायाचित्रे, कुणाकडे जुन्या शाहिरांच्या वह्या. आणि प्रत्येकजण ते कुलपात ठेवून बसला आहे. मी स्वतः एका वाचनालयात जुन्या नियतकालिकांचे गठ्ठे पाहायला गेलो होतो. "अध्यक्षांची परवानगी लागेल," म्हणाले. अध्यक्ष दुसऱ्या गटात गेले होते. सहा महिन्यांनी परवानगी मिळाली तेव्हा खालचे तीन गठ्ठे पावसाने गेले होते. वाळवीला गटबाजी कळत नाही. ती सगळ्यांचे सारखेच खाते.

शासनाकडे बोट दाखवायचे तर तेही दाखवू. 1976 मध्ये बाबासाहेबांचे लेखन आणि भाषणे प्रसिद्ध करण्यासाठी समिती झाली, 14 एप्रिल 1979 रोजी पहिला खंड आला. वसंत मून यांनी त्यासाठी आयुष्य वेचले. 'रिडल्स'च्या वेळी तोच ग्रंथ वाचवायला लाखो माणसे रस्त्यावर आली. आणि 2021 मध्ये खंडांची छपाई रखडल्याच्या बातमीवरून मुंबई हायकोर्टाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. बाबासाहेबांचे खंड मिळत नाहीत म्हणून कोर्टाने विचारायचे, आणि आपण जयंतीच्या डीजेचा आवाज किती डेसिबल यावर भांडायचे?

मून यांच्याकडे कागद कुठून आले? बाबासाहेबांच्या हस्तलिखितांचे पेटारे वर्षानुवर्षे सरकारी ताब्यात होते. पण वृत्तपत्रांचे अंक, पत्रे, भाषणांची टिपणे कार्यकर्त्यांच्या घरून आली. कुणी देताना विचारले नाही की तुम्ही कुठल्या गटाचे. ती माणसे गेली असती आणि कागद कुलपातच राहिले असते, तर आज आपण कशाच्या आधाराने वाद घालतो आहोत?

म्हणून संघटना एक करा असे मी म्हणत नाही. ते आवाहन पन्नास वर्षे चालू आहे आणि प्रत्येक आवाहनातून एक नवा गट निघतो. मी एवढेच म्हणतो की संघटना वेगळ्या राहू द्या, कागद एकत्र करा. ज्या मंडळाकडे जुने अंक आहेत त्यांनी मोबाईलने का होईना फोटो काढून दुसऱ्याला द्यावेत. आपल्यातला जो ठेकेदार आहे त्याने टेंडर कसे भरायचे ते पोरांना शिकवावे. जो वकील आहे त्याने अॅट्रॉसिटीची फिर्याद कशी लिहायची ते लिहून ठेवावे आणि त्यावर आपले नाव टाकले नाही तरी चालेल असे म्हणावे. जो कंपनीत आहे त्याने मुलाखत कशी द्यायची ते सांगावे. शिवराम जानबा कांबळ्यांना अर्ज लिहिताना वलंगकरांच्या मंडळीचा आधार होता. आपल्या पोरांना कुणाचा आहे?

पेशव्यांच्या नळात आज पाण्यापेक्षा गाळ जास्त आहे. जोतीरावांची कंपनी राहिली नाही, 'दीनबंधु' राहिला नाही, 'सोमवंशीय मित्र' बंद पडून शतक उलटले. पण रविवारची सुटी आहे, भटजीशिवाय लागलेली लग्ने आहेत, बावीस प्रतिज्ञा घेतलेले लाखो लोक आहेत, आणि हे लिहिणारा-वाचणारा मी आणि तुम्ही आहोत. संस्था मेल्या, त्यांनी एकमेकींना जे दिले ते मेले नाही.

पुढच्या वेळी कात्रजच्या जुन्या बोगद्यातून जाताना बरोबरच्या लेकराने विचारले, "हे कुणी बांधले?" तर "इंग्रजांनी" म्हणून मोकळे होऊ नका. सांगा की फुल्यांच्या कंपनीचे नाव या बोगद्याशी जोडलेले आहे. आणि घरी गेल्यावर माळ्यावरची ती जुनी पेटी एकदा खाली काढा.

जय जोती! जय भीम!